दमयंतीचे मत

विमलेने माजघरात बसून यादीतले नाव वाचले. यमुनाबाईंच्या हातातले सूप अर्ध्यावर थांबले. मागच्या पडवीत झावळ्या विणण्याची खरखर चालली होती, तीही बंद पडली. पूर्णगडच्या खाडीच्या तोंडाशी भरतीचे पाणी वाळूच्या दांड्यावर चढत होते, तेवढाच आवाज उरला, आणि तोही दुसऱ्या कुठल्या गावातून येत असल्यासारखा.

नीट ऐकू गेले नसेल असे वाटून तिने पुन्हा वाचले, "दमयंती विठू. वय अठ्ठावीस. नवऱ्याच्या जमिनीवर मत."

यमुनाबाईंनी सूप खाली ठेवले. "ती गेली, बाय," त्या म्हणाल्या. "तीन वर्सं झाली. बाळंतपणात गेली."

"मग नाव कसं लागलं? यादी तर गेल्या वर्षीची आहे."

"तलाठी आला हुता. सुनेचं नाव काय, म्हणून इचारलान. माझ्या तोंडात तेच आलं."

त्यांच्या बोलण्यात चूक कबूल केल्याचा सूर नव्हता. समुद्र खारट आहे असे सांगावे, तसे त्यांनी ते सांगितले.

झावळ्या विणणारी बाई आता दारात येऊन उभी राहिली होती. तेविशीच्या आसपासची असेल. मंगळसूत्राच्या खाली, काळ्या दोऱ्यात, तिच्या गळ्यात चांदीचा पातळ टाक होता. त्यावर ठोकून उठवलेली एक बाई. सवतीचा टाक विमलेने आजोळी पाहिला होता. मेलेली बायको मागून आलेल्या बायकोच्या गळ्यात राहते. नवे लुगडे आले की आधी टाकाला दाखवायचे, मग नेसायचे. सणाचा पहिला घास तिच्या नावाने बाजूला काढायचा. लहानपणी विमलेला त्या गोष्टीची भीती वाटे. पुढे पुण्यात बी. ए. होईपर्यंत ती भीती वाळून गेली, आणि तिच्या जागी दुसरे काहीच उगवले नाही.

"त्यात मालन हाय का?" दारातल्या बाईने विचारले.

"मालन कोण?"

"मी."

विमलेने यादीवरून बोट फिरवले. फिरवायची गरज नव्हती. पण लगेच नाही म्हणणे तिच्या जिवावर आले. "नाही," ती म्हणाली.

"लग्नात माझं नाव बदललं नाय," मालन जमिनीवरच्या सुपाकडे पाहत म्हणाली. "बिजवराचं लगीन. ताटात तांदूळ पसरून नाव लिव्हायचं असतं, ते ताट कुणी आणलानच नाय. म्हणून म्हायेरचंच ऱ्हायलं. तेवढं तरी यादीत असंल, वाटलं हुतं."

"तुला काय करायची ती यादी," यमुनाबाई म्हणाल्या. "चुलीवर पेज हाय, ती बघ."

विमलेने त्या नावापुढे पेन्सिलीने 'मयत' असा शेरा लिहिला आणि ती उठली.

माघ महिना होता, साल एकोणीसशे सदतीस. नव्या कायद्याने नवऱ्याच्या शेतसाऱ्यावर बायकोलाही मत मिळाले होते, आणि ते मत आहे हे बायकांना सांगायला पक्षाला बायका हव्या होत्या. विमला रत्नागिरीला मुलींच्या शाळेत शिकवत होती. तिने महिनाभराची रजा काढली. वेठ, नजराणे आणि खोताच्या अंगणातले ताटकळणे संपायचे असेल तर मुंबईच्या कायदेमंडळात आपला माणूस हवा, हे तिला मनापासून पटले होते. पहिले दोन-तीन दिवस ती प्रत्येक घरी हे सगळे सांगत असे. पुढे शब्द कमी होत गेले. बाराव्या दिवशी ती दारातूनच यादी वाचू लागली होती, आणि उंबऱ्याआडचे चेहरे तिला खुणा केलेल्या आणि न केलेल्या ओळींसारखे दिसू लागले होते. आपल्या आत काहीतरी ओहोटीच्या चिखलासारखे उघडे पडले आहे, हे तिला कळत होते. त्याचे दुःख मात्र होत नव्हते.

पक्षाची कचेरी नेवरेकर वकिलांच्या माडीवर होती. त्या संध्याकाळी त्यांनी यादी चाळता चाळता पूर्णगडच्या पानावर बोट ठेवले.

"हे 'मयत' कुणी लिहिलं?"

"मी. ती बाई तीन वर्षांमागे वारली."

"विठू तांडेल वारला?"

"नाही. ते मचवा घेऊन मलबारात गेलेत."

"त्याला बायको आहे?"

"आहे. पण दुसरी."

"मग वारलं कोण?" वकिलांनी चष्मा कपाळावर चढवला. "तलाठ्यानं विठूची बायको लिहिली. विठूला बायको आहे. नाव तेवढं चुकलं, आणि नाव दुरुस्त करायची मुदत दिवाळीतच संपली. मत काही चुकलेलं नाही."

"तिथं तिला विचारतील, तू दमयंती का म्हणून."

"विचारतीलच. ती होय म्हणेल."

"ते खोटं होईल, वकीलसाहेब."

नेवरेकर हसले. हसताना ते नेहमी खिडकीकडे बघत. "परवा खोताच्या अंगणात यादीतले मेलेले तिघे मतासाठी पानसुपारी खाऊन गेले म्हणे. मत द्यायला चालत आले की त्यांना तू खरं-खोटं शिकव. तू मास्तरीणच आहेस."

वकिलांचा आवाज खाली आला. "हे बघ, अशी अकरा नावं आहेत आपल्या गावांत. एक सोडलंस की अकराही सुटतील. मी गेलो तर बायका आत पळतात. तुला त्या बसायला पाट देतात. त्या पाटाचा काही उपयोग कर."

त्यांनी खिशातून रबर काढले, 'मयत' हा शब्द पुसला आणि भुगा फुंकून टाकला. कागद तेवढ्या जागी थोडा पातळ झाला. बाकी काही कळत नव्हते.

दोन दिवसांनी विमला पुन्हा पूर्णगडला गेली. यमुनाबाईंनी पाट दिला आणि तिचे बोलणे ऐकून घेतले. "नको गो बाय," त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाच्या नावानं आता काय करायचं ऱ्हायलंय. ती सुटली, तिला सुटू दे."

मालन खांबाला टेकून उभी होती. शेजारच्या तुळसाने विमलेला वाटेतच सांगितले होते की गेल्या श्रावणात मालनचे मूल सातव्या महिन्यात गेले. त्याचे कारण घरात कुणी बोलून दाखवले नव्हते, कारण ते तिच्या गळ्यातच लोंबत होते. हे ऐकताना विमलेला त्या बाईची कीव आली होती. आता खांबाकडे पाहताना कीव आली नाही. एखादे जड दार कुठून रेटले तर उघडेल, ती जागा दिसावी तसे काहीतरी दिसले.

"नवं लुगडं आधी दमयंतीला दाखवता ना, यमुनाबाई?"

"दावतो. का गो?"

"मग हेही तसंच आहे. सरकारनं हे तिच्या नावानं धाडलंय. तिचं तिला पोचवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण तिच्या दारात आलेलं असंच परत गेलं, तर..."

वाक्य तिने मुद्दाम अर्धे सोडले. वर्गात मुलींनी पुरे करावे म्हणून ती सोडत असे, तसेच.

"तर तिची आस ऱ्हाईल," यमुनाबाई हळूच म्हणाल्या.

विमलेने मान खाली घातली. मालनचा हात टाकावर गेला होता. कितीतरी वेळ ती त्या चांदीच्या बाईवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिने विचारले, "थयं मी म्हणायचं काय?"

"नाव विचारतील. दमयंती म्हणायचं. एवढंच."

"आन् मालन?"

"मालन तेवढा वेळ गप्प बसेल," विमला हसून म्हणाली. दुसरे कुणी हसले नाही.

मतदानाचे ठिकाण खाडीपलीकडच्या एका शाळेत होते. सकाळी तरीच्या होडीत एकोणीस बायका बसल्या. धुतलेली लुगडी, केसांत अबोली, जत्रेला निघाल्यासारख्या. खरी अडचण वेगळीच होती. तिथे नवऱ्याचे नाव विचारणार, आणि ते घ्यायचे कसे? गेले आठ दिवस विमलेने त्यांना शिकवले होते की प्रत्येकीने शेजारणीच्या नवऱ्याचे नाव सांगायचे.

"माझ्याचं तू घे, तुझ्याचं मी घेतंय," तुळसा मालनला म्हणाली. "घरी जाताना मातर आपापले घेऊन जायाचे. अदलाबदल व्हायची नाय."

"तुझा कोण घेतोय," मागून काशी म्हणाली. "घोरतो किती तो. पार आमच्या पडवीत आयकू येतंय."

"तू आयकत बसतेस कशाला?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तरीवाला दुसरीकडे बघत वल्हे मारत राहिला. मालन पाण्यात बोटे बुडवून बसली होती. हसण्याची लाट तिच्यापर्यंत आली आणि तिला वळसा घालून पुढे गेली.

शाळेच्या दोन खोल्यांपैकी मागची बायकांसाठी होती. टेबलामागे कचेरीतले एक प्रौढ कारकून अधिकारी म्हणून बसले होते. एका बाकावर पक्षाची म्हणून विमला, दुसऱ्यावर खोताचा माणूस केरू. केरू पूर्णगडचाच. विड्याने लाल झालेले तोंड मिटून तो प्रत्येक बाईकडे निरखून पाहत होता. दहा-बारा बायका विनाविघ्न आत येऊन गेल्या. मग मालन आली, तिच्या खांद्याला खांदा लावून तुळसा.

"नाव?"

"दमयंती."

"नवऱ्याचं?"

"विठू तांडेल," तुळसा म्हणाली.

कारकुनांनी यादीवर टिकली मारायला शाईचा टाक उचलला. केरू उठला. "साहेब, हरकत आहे. ही बाई दमयंती नव्हे. दमयंती तीन वर्सांमागे मेली. मी स्वतः खांदा दिलाय तिला."

कारकून कंटाळले होते. त्यांनी टाक खाली ठेवला आणि मालनकडे पाहिले. "काय गं? ईश्वराला स्मरून सांगायचं. तू कोण?"

विमलेला वाटले, आता ही रडेल, किंवा माझ्याकडे बोट दाखवेल. दोन्हीपैकी काहीही झाले असते तर तिला सुटल्यासारखे वाटले असते. मालनने तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"मी दमयंती," ती म्हणाली.

"मग ह्यानं खांदा दिला तो कुणाला? कोणी बाई मेली की नाही तुमच्या घरात?"

"मेली."

"कोण?"

बाहेर रांगेत कुणाचे तरी मूल कुरकुरत होते. मालन कारकुनांनी खाली ठेवलेल्या टाकाकडे बघत होती. "मेली ती मालन," ती म्हणाली. आवाज चढला नाही की कापला नाही. "म्हायेरचं नाव मालन. ती मेली."

केरूच्या तोंडातला विडा थांबला. कारकून तुळसाकडे वळले. "तू शेजारीण ना? हे खरं?"

तुळसाने आयुष्यात बऱ्याच थापा मारल्या असतील, पण समोर धडधाकट उभ्या असलेल्या मैत्रिणीचे सुतक तिने कधी सांगितले नव्हते. तिने एकदा विमलेकडे पाहिले. विमलेने मान हलवली. अगदी थोडी, पण हलवली.

"खरं," तुळसा म्हणाली. "मालन मेली. मी हुतंय तिच्या उशाशी."

दारातल्या रांगेतून काशीचा आवाज आला, "होय, साहेब." मग आणखी एकीचा. कारकुनांनी केरूची हरकत एका जाड वहीत टिपून घेतली आणि मालनच्या हातात कागद दिला. तिने तो पेटीत सोडला. कागद तळाशी पडल्याचा आवाजही झाला नाही.

परतताना तरीत काशीने एकदा "ए मा..." अशी सुरुवात केली आणि ती तिथेच थांबली. ओहोट लागली होती. होडी वाळूच्या दांड्याला घासत चालली होती, आणि खेकड्यांच्या बिळांनी भरलेला चिखल दोन्ही काठांना उघडा पडत होता.

निकाल लागला तेव्हा पक्षाचा माणूस चार हजारांहून जास्त मतांनी आला होता. नेवरेकरांच्या माडीवर पेढे वाटले गेले. विमलेने आपल्या वाटचा पेढा हातात धरून मनाशी वजाबाकी करून पाहिली. चार हजारांतून अकरा गेले असते तरी काही हलले नसते. एक गेले असते तर कुणाला कळलेही नसते. त्या आकड्याने तिला लाज वाटायला हवी होती. पेढा फार गोड आहे, एवढेच तिला जाणवले.

केरूने मात्र हरकत सोडली नाही. तोतया मतदार म्हणून त्याने मालनवर अर्ज केला, आणि तालुक्याहून चौकशीला माणूस येणार असे ठरले. नेवरेकरांनी विमलेला बोलावून घेतले. "जाऊन सांग त्यांना. चौकशी मिटेपर्यंत त्या बाईला घरात, पाणवठ्यावर, कुठंही मालन म्हणायचं नाही. पोरांनीसुद्धा नाही. एकानं तोंड उघडलं तर ती तुरुंगात जाईल, आणि तिच्यामागून तू. मग मी."

विमलेने निरोप पोचवला. यमुनाबाईंनी तो शांतपणे ऐकून घेतला. त्यांच्या जिभेला दमयंती हे नाव अवघड नव्हतेच. तीन वर्षे ते नुसते मिटून ठेवले होते. विमला अंगणात चपला घालते आहे तोच त्यांनी आत हाक मारली, "दमयंती, दिव्यात तेल घाल गो." लगेच आतून कुणीतरी उठल्याचा, भांडे सरकल्याचा आवाज आला. त्या हाकेत कितीतरी दिवसांनी पोट भरून जेवलेल्या माणसाची तृप्ती होती. विमला वाटेला लागली.

चैत्र गेला. चौकशीचा माणूस येऊन गेला. गावात ज्याला त्याला विचारले तर सगळ्यांनी एकच सांगितले, ही दमयंती. आणि वैशाखात अर्ज फेटाळला गेला. त्याच सुमारास तालुका बोर्डाच्या नव्या याद्या होणार असे कळले. नेवरेकरांनी काही सांगितले नव्हते. विमलेने आपणहून छापील अर्ज मिळवला, त्याची घडी पर्समध्ये ठेवली आणि ती पूर्णगडला निघाली. ह्या एका कागदाने काय होणार ते तिला ठाऊक नव्हते. पण तो भरून घेतल्याशिवाय शाळेत मुलींची हजेरी घेताना तिला धड नावे वाचता येत नव्हती.

तुळसा उतारावर भेटली. डोक्यावर सुक्या म्हावऱ्याची पाटी होती. "विठूभावजी आले," ती म्हणाली. "मचवा वर काढलानी."

"मग? ते काय म्हणतात तिला?"

तुळसाने पाटी सावरली. "पयल्या दिवशी मालन म्हणाले. म्हातारीनं गप्प केलान. मग दमयंती म्हणाले. चार दिवस चाचपडत म्हणत हुते. आता चाचपडत नायत." जरा थांबून ती म्हणाली, "त्यांना काय जड, मास्तरीणबाय. त्यांची लाडकी हुती ती."

"आणि तुम्ही? तुम्ही काय म्हणता?"

"मी हाकच मारत नाय," तुळसा म्हणाली आणि उतार उतरून गेली.

मालन विहिरीवर होती. आजूबाजूला पोफळींची दाट सावली होती आणि जांभ्याच्या काठावर दोन कळशा ठेवलेल्या होत्या. विमला जवळ गेली तरी तिने रहाट थांबवला नाही. ती बारीक झाली नव्हती, आजारी दिसत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काहीच झालेले दिसत नव्हते, आणि विमलेला तेच बघवेना.

"चौकशी संपली," विमला म्हणाली. "आता कुणाची भीती नाही. घरीसुद्धा मी सांगते सगळ्यांना."

पोहरा वर आला. मालनने तो पहिल्या कळशीत ओतला आणि पुन्हा खाली सोडला.

"नवी यादी होते आहे. हा अर्ज आणलाय मी. तुमचं नाव लावू या, खरं नाव." विमलेने कागद उलगडला. वाऱ्याने तो फडफडला म्हणून तिने दोन्ही हातांनी धरला. "माझ्या हातून चूक झाली. तुमच्या सासूबाईंना मी टाकाचं बोलले, ते मला बोलायला नको होतं. माझा स्वतःचा त्यावर विश्वाससुद्धा नाही."

मालनने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर विमलेला पुढे बोलता आले नसते. राग नव्हता. ओळखीच्या घरात चुकून शिरलेल्या परक्या माणसाकडे बघावे, तसे तिने पाहिले, आणि दुसरी कळशी भरली.

विमलेने पेन्सिल काढली. अर्जात पहिल्याच ओळीत कोरी जागा होती. ती स्वतः तिथे मालन ही तीन अक्षरे लिहून मोकळी झाली असती, कुणी विचारलेही नसते. पण तेवढे आता तिच्याने होईना.

"ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगायला हवं," ती म्हणाली. "सांगा ना. काय लिहू?"

मालनने दोर गुंडाळून रहाटाला अडकवला. चुंबळ डोक्यावर ठेवली, एक कळशी चढवली, दुसरी कमरेवर घेतली. पाणी हिंदकळून तिच्या खांद्यावरून ओघळले, ते तिने पुसले नाही. विमला कागद धरून उभी होती तिथून वाट अरुंद होती. मालन थोडी तिरकी झाली, तिला धक्का लागू न देता बाजूने गेली, आणि पोफळींमधल्या पायवाटेने घराकडे चालू लागली.